यमूचं पुढे काय झालं?

1893 हे साल हप्त्याहप्त्यानं गोष्टी वाचणाऱ्यांना जड गेलं. डिसेंबरात लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात शेरलॉक होम्स रायखेनबाखच्या धबधब्यात नाहीसा झाला आणि त्याच्यावर जीव लावून बसलेले वाचक चवताळले. त्याच साली इकडे पुण्यात एका ब्राह्मण विधवेची कहाणी पुस्तक होऊन बाहेर पडली. ‘पण लक्षात कोण घेतो!’ हे तिचं नाव. त्याआधी जवळजवळ तीन वर्षं ती ‘करमणूक’ साप्ताहिकात तुकड्यातुकड्यानं येत होती. होम्सला कॉनन डॉयलनी 1903 मध्ये जिवंत परत आणलं, कारण वाचक पिच्छा सोडीनात. पुण्याच्या त्या विधवेचा, यमूचा, शोकान्त मात्र तसाच राहिला.

मला विलक्षण वाटतो तो पुण्याचा मामला. लंडनच्या वाचकाला आपल्या लाडक्या माणसाचा शेवट बदलून हवा असेल, तर लेखकाच्या नावे पत्र धाडण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. पुण्याच्या वाचकाला करता येत होतं. यमूसारख्या मुलीचं पुढे काय व्हायचं, हे त्याच्याच माजघरात ठरत होतं.

आधी लेखकाची ओळख. हरि नारायण आपटे 1890 मध्ये सव्वीस वर्षांचे होते. जन्म खानदेशातला, शिक्षण मुंबई-पुण्याचं. गणितानं पदवी हुकवलेली. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली होती आणि तिचा कारभार हरिभाऊंकडे आला. आजच्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या त्या वास्तूत संस्कृत हस्तलिखितं गोळा होत, तपासली जात, छापली जात. त्याच छपराखाली राहणाऱ्या गृहस्थानं विधवेच्या केशवपनाची कथा लिहावी, हे पुण्यातच घडू जाणे. टिळकांचा ‘केसरी’ राजकारण करतो, आगरकरांचा ‘सुधारक’ समाजाला फटके मारतो. तेच काम आपण मनोरंजनाच्या वाटेनं करावं, असा ‘करमणूक’ काढण्यामागे हरिभाऊंचा हिशेब होता.

आता यमू. ती आपली हकीकत स्वतःच सांगते. लहानपण, लग्न, सासर, लिहायला-वाचायला शिकवणारा नवरा रघुनाथराव, मुंबईच्या बिऱ्हाडातले थोडे मोकळे दिवस आणि मग वैधव्य. सासरच्या घरात शंकरमामंजी नावाचं एक पात्र आहे. धर्माचा आव, पोटात भलतंच. त्याच्या हातून यमूची जी दशा होते, ती आजही एका बैठकीत वाचवत नाही. पण त्या काळच्या वाचकाला एका बैठकीत वाचायची सोयच नव्हती. तो एक प्रकरण वाचायचा आणि सात दिवस थांबायचा.

सगळी गंमत त्या सात दिवसांत आहे. अखंड पुस्तक हातात असलं की आपण पुढे काय होतं ते पान उलटून बघतो. हप्ता संपला की पान नसतं, आणि मग डोकं स्वतःच पानं लिहू लागतं. नवरा वाचेल का? भाऊ येईल का? त्यातून वाचता येणाऱ्या बायका तेव्हा मोजक्या. म्हणजे एकानं वाचायचं आणि चौघांनी ऐकायचं. ऐकणाऱ्यांचं मत वाचणाऱ्यापेक्षा वेगळं पडलं की आठवडाभराची बेगमी झाली. हरिभाऊंच्या लिखाणात पाल्हाळ फार, अशी तक्रार समीक्षक शंभर वर्षं करत आले आहेत. तक्रार खरी आहे. पण मला वाटतं, तो पाल्हाळ पुस्तकात जितका जाचतो तितका साप्ताहिकात जाचला नसावा. आठवड्यानं भेटणारं माणूस चार गोष्टी जास्त बोललं तर आपण त्याला गप्प बसवत नाही.

हे हप्ते ज्या पुण्यात पोचत होते, ते पुणे नुसतं धुमसत होतं. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासह पुण्याची बडी मंडळी जमली, समोर चहा आला, आणि पुढे ती नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली. कुणी घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला, यावर प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. त्याच साली पंडिता रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदासदन मुंबईहून पुण्याला आलं. मार्च 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा, एवढाच बदल. पण टिळक एका बाजूला, आगरकर आणि भांडारकर दुसऱ्या, आणि सभा उधळल्या जात होत्या. तिकडे मुंबईत 1890 मध्येच नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी ठरवलं होतं, की आपण विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही.

हे सगळं लक्षात घेऊन यमूच्या वपनाचा प्रसंग वाचून बघा. आज आपल्याला तो करुण प्रसंग वाटतो. त्या वाचकाला तो साक्षीपुरावा वाटला असला पाहिजे. घरात ‘केसरी’ही येतो आणि ‘सुधारक’ही, बाप एका बाजूचा, मुलगा दुसऱ्या, आणि दोघांच्या मधे दर आठवड्याला यमू येऊन उभी राहते. ती वाद घालत नाही, आपल्याला काय झालं ते सांगते. शंकरमामंजी दुष्ट होता म्हणून असं झालं, की दुष्ट नसलेली माणसंसुद्धा याला रूढी म्हणत होती म्हणून झालं? पात्राचा अर्थ लावणं म्हणजे आपण कुठल्या बाजूचे ते सांगून बसणं, अशी ही परिस्थिती.

इथे एक जुनी, विसरलेली गोष्ट सांगायला हवी, कारण ती कळली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसताच बसलो. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, 1857 सालची. तिची नायिकाही यमुना. तिच्याही कथेत विधवांच्या हालांचं दर्शन आहे, तिलाही वैधव्य येतं. पण ती शेवटी ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते आणि सुखी होते. छत्तीस वर्षांनी पुस्तकरूपात आलेली दुसरी यमुना ना धर्म सोडते, ना घर सोडते, आणि तिचा शेवट शोकान्त होतो. हरिभाऊंनी नाव मुद्दाम तेच घेतलं? नुसता योगायोग असू शकतो. यमुना हे नाव घरोघरचं. पण निष्ठावंत वाचक असल्या योगायोगांवरच जगतो, आणि मीही त्याच जातीचा. मला ते पदमनजींना दिलेलं उत्तर वाटतं: सुटकेसाठी मुलीनं समाजाबाहेरच जायचं असेल तर तुमचा शेवट गोड, पण मग आत राहिलेल्या हजारो मुलींचं काय? मधल्या काळातल्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी वाचकाला शेवटी सगळं जुळून येण्याची सवय लावली होती. हरिभाऊंनी ती मोडली, आणि वाचकानं तरीही पुढची कादंबरी मागितली, हे मला आजही नवल वाटतं.

आणि मग 1893 चा मार्च. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी शारदासदनातल्या गोदूबाईंशी पुण्यात लग्न केलं. गोदूबाई बालविधवा. कर्व्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. म्हणजे त्या एका सालात पुणेकर वाचकासमोर विधवेच्या कथेचे तीन शेवट एकदम हजर होते: पदमनजींचा, हरिभाऊंचा आणि कर्व्यांचा. तिसरा कागदावरचा नव्हता. तो रस्त्यातून चालत जाताना दिसत होता. कादंबरी वाचून कर्व्यांनी लग्न केलं, असं मी अजिबात म्हणत नाही. पण तीन शेवट शेजारीशेजारी ठेवून वाचण्याची अशी संधी कुठल्या वाचकाला मिळते?

हरिभाऊंच्या वाचकांत एक वाचक फार वेगळी होती. काशीबाई कानिटकर. लग्नानंतर नवऱ्याच्या, म्हणजे गोविंदरावांच्या आग्रहानं त्या शिकल्या आणि पुढे मराठीतल्या पहिल्या स्त्री-कादंबरीकारांत गणल्या गेल्या. त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरीही नियतकालिकातूनच क्रमशः आली. हरिभाऊंशी त्यांची लेखनावर चर्चा चाले, पत्रव्यवहार चाले, आणि हरिभाऊंच्या निधनानंतर त्यांची पत्रं काशीबाईंनी प्रसिद्ध केली. माजघरातलं जग पुरुष लेखकाला इतकं नेमकं कसं कळलं, हा यमूच्या वाचकांना पडणारा पहिला प्रश्न. त्याच्या उत्तरात काशीबाईंचं नाव टाळता येत नाही. आणि याच बाईंच्या एका कथेचं नाव आहे ‘शेवट तर गोड झाला’!

विधवेच्या शेवटावर अडखळणारे एकटे हरिभाऊ नव्हते. गुजरातीत गोवर्धनराम त्रिपाठींची ‘सरस्वतीचंद्र’ 1887 ते 1901 अशी चार भागांत आली; कुमुद विधवा झाल्यावर नायक लग्नाला तयार असतो, आणि वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या वाचकाला शेवटी काय मिळतं, तर त्याचं लग्न कुमुदच्या धाकट्या बहिणीशी. रवींद्रनाथांची ‘चोखेर बाली’ 1901-02 मध्ये ‘बंगदर्शन’मधून क्रमशः आली, त्यांनी विनोदिनीला काशीला पाठवून दिलं आणि उतारवयात त्या शेवटाबद्दल स्वतःच खंत केली. तिन्ही भाषांतले तिन्ही थोर लेखक विधवेला पुन्हा संसारात बसवताना हात आखडतात. त्यात हरिभाऊंचा शेवट मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्यांनी यमूच्या त्यागाला सोन्याचा मुलामा दिला नाही.

भाषांतराचा चोखंदळपणाही याच वातावरणातला. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं. त्यातलं काम डोंगरीच्या तुरुंगातल्या 101 दिवसांत झालं होतं. एवढी पुण्याई पदरी असताना कुणी हात लावायला धजावणार नाही, असं वाटेल. पण त्यांच्याच हरिभाऊ नावाच्या विद्यार्थ्यानं ‘निबंधचंद्रिके’त त्या भाषांतरावर 72 पानांची टीका लिहिली. शिकवणाऱ्याच्या शेक्सपिअरवर विद्यार्थ्याची 72 पानं! पुण्यात मूळ ग्रंथ आणि भाषांतर दोन्ही उघडी ठेवून बोट फिरवणारा वाचक नवा नाही. गंमत अशी, की याच हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या कादंबरीचा सांगाडा घेऊन उभी आहे. आज विलायतेत कुणी रेनॉल्ड्सचं नाव काढत नाही, पण एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानी वाचनालयांत तो डिकन्सहून जास्त वाचला जाई. हरिभाऊंनी त्याचं लंडन पुण्यात आणलं आणि ‘पुणे वैभव’नं ते क्रमशः छापलं.

ही परंपरा तुटलेली नाही. शंभरेक वर्षांनी याच शहरात राहून नारायण धारप स्टीफन किंगचं अमेरिकन खेडं मराठी वाड्यांत बसवत होते: ‘लुचाई’मागे ‘सालेम्स लॉट’, ‘शपथ’मागे ‘इट’, ‘आजी’मागे ‘ग्रामा’. धारपप्रेमी या जोड्या तोंडपाठ सांगतात आणि पुढे भांडतात, की मूळ भारी की धारपांचं. धारपांचे समर्थ आणि समर्थांच्या हकीकती सांगणारे अप्पा जोशी यांच्यात होम्स-वॉटसनची छाया आहे का, हा वाद तर कधीच न संपणारा. 2018 मध्ये ‘तुंबाड’ हा चित्रपट आला तेव्हा त्यातली म्हातारी पाहून या मंडळींनी ‘आजी’ लगेच ओळखली. त्यातल्या पोराटोरांनी हरिभाऊ वाचलेले नसतील. करतात मात्र तेच, जे ‘निबंधचंद्रिके’त झालं होतं.

हप्त्यांच्या लेखनाला एक शाप असतो: लेखक दमतो, मासिक बंद पडतं, आणि वाचक अधांतरी राहतो. हरिभाऊंच्या वीसेक कादंबऱ्यांपैकी काही अपुऱ्या राहिल्या. ‘गणपतराव’ तशी, ‘कर्मयोग’ही तशीच. 1919 मध्ये हरिभाऊ गेले आणि त्या गोष्टींचे शेवट कायमचे वाचकांकडे आले. अपुऱ्या कादंबरीला आपल्याकडे कुणी वाली नसतो, हे माझ्या मते चुकीचं आहे. अर्थ लावायची खरी मोकळीक तिथेच.

तुम्हाला हा अनुभव आजही घेता येईल. ‘पण लक्षात कोण घेतो!’ मिळायला अवघड नाही. ती एका दमात वाचू नका. आठवड्याला एक प्रकरण वाचा, तेही घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, आणि पुढचं प्रकरण उघडण्याआधी यमूनं काय करायला हवं होतं यावर निदान एकदा कडाडून भांडा.