महासंगणकाचे सर्व्हर आणि साठवण यंत्रणेची जुळणी

वाराणसीत बीएचयूच्या आवारातील आयआयटीमध्ये १९ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘परम शिवाय’ या महासंगणकाचे उद्घाटन झाले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनअंतर्गत तो उभारला. त्याची क्षमता ८३३ टेराफ्लॉप्स आहे. अशा यंत्रात अनेक सर्व्हर एकाच साठवण यंत्रणेकडे माहिती मागतात. तिथे खोळंबा झाला, तर वेगवान प्रोसेसरही ताटकळत राहतात.

म्हणून सर्व्हरपासून डिस्कसंचापर्यंत दोन वेगळ्या कंट्रोलरमधून जाणारे स्वतंत्र मार्ग ठेवतात. मल्टिपाथ सॉफ्टवेअर त्यांना एकच डिस्क म्हणून दाखवते. एक केबल निकामी झाली तरी काम थांबत नाही. मार्गांइतकीच मागण्यांची संख्याही महत्त्वाची असते. सर्व्हरने डिस्ककडे एका वेळी किती मागण्या पाठवायच्या, ती मर्यादा म्हणजे क्यू डेप्थ. ती फार कमी असली तर डिस्क रिकाम्या राहतात, फार जास्त असली तर कंट्रोलरपुढे रांग लागते.

लस्टरसारख्या समांतर फाइल प्रणालीत फाइलींची नावे व परवानग्या वेगळ्या सर्व्हरवर असतात आणि प्रत्यक्ष माहिती अनेक सर्व्हरवर विभागलेली असते. मोठी फाइल पट्ट्यापट्ट्यांनी अनेक ठिकाणी वाटल्यास वेग वाढतो. लहान फाइल मात्र एकाच ठिकाणी ठेवावी, नाहीतर ती उघडताना विनाकारण अनेक सर्व्हरना विचारावे लागते. कोणताही बदल एकेक करून, खऱ्या कामाच्या भाराखाली मोजूनच कायम करावा.