टाकीवरची ट्यूबलाइट

वाळूजला बजाजचा कारखाना 1985 साली सुरू झाला आणि त्याच्या आधाराने बजाजनगर वाढलं. इथे कॅड, म्हणजे संगणकावरचं ड्रॉइंग, काय असतं हे कुणाला समजवावं लागत नाही. टूलरूममध्ये डायचं ड्रॉइंग करणारा कुणीतरी शेजारपाजारी असतोच. पण असा मुरलेला माणूससुद्धा हौसेने विमानाचं मॉडेल काढायला बसला की अडखळतो. ब्रॅकेट आणि फ्लँजचं रेषा-चापांवर भागतं. विमानाच्या धडाचं भागत नाही.

अडलं की पहिला सल्ला मिळतो तो असा: "आकार बिघडतोय तिथे अजून एक सेक्शन टाक." नेमका हाच सल्ला घात करतो. छापील नकाशा स्कॅन करून त्यावर ठिपके टाकताना प्रत्येक ठिपका थोडा तरी इकडेतिकडे होतो. स्प्लाइन, म्हणजे ठिपक्यांतून जाणारी वळणदार रेघ, इमानदार असते, ती त्या प्रत्येक चुकीतून जाते. वीस सेक्शन दिले तर वीस चुका दिल्या, आणि लॉफ्ट केल्यावर, म्हणजे हे आडवे छेद जोडून पृष्ठभाग बनवल्यावर, धडावर लाटा उठतात. त्याऐवजी चार-पाच सेक्शन घ्यावेत: नाकाशी, सर्वांत फुगीर जागी, कॉकपिटच्या पुढे-मागे आणि शेपटाशी. वरून आणि बाजूने दिसणाऱ्या कडा गाईड कर्व्ह म्हणून द्याव्यात. प्रत्येक सेक्शनमध्ये बिंदूंची संख्या सारखी हवी आणि सुरुवातीचा बिंदूही एका ओळीत हवा, नाहीतर धड पिळलेल्या कपड्यासारखं येतं.

स्प्लाइन हा शब्दच मुळी संगणकाचा नाही. जहाजं बांधणारे लाकडाची लवचिक पट्टी मोजक्या ठिकाणी वजनांनी दाबून धरत. मधला बाक पट्टी आपला आपण घेई. वजनं जितकी कमी, तितका बाक देखणा.

आता ज्यावर बहुतेकांचा विश्वास असतो ती गोष्ट. दोन चाप टॅन्जन्ट जोडले, सांध्याला टोक राहिलं नाही, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत झाला. नाही झाला. मोटारसायकलची पेट्रोलची टाकी ट्यूबलाइटखाली धरून पाहा. चांगल्या टाकीवर उजेडाची रेघ न अडखळता वळते. जिथे सरळ भाग संपून चाप सुरू होतो, तिथे बोटाला काही लागत नाही, पण रेघ मोडलेली दिसते. कारण तिथे दिशा जुळलेली असते, वक्रता जुळलेली नसते. ती शून्यावरून एकदम उडी मारते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये टॅन्जन्टच्या पलीकडे कर्व्हेचर हा वेगळा पर्याय असतो. झेब्रा पट्ट्यांची तपासणी म्हणजे पडद्यावरची ट्यूबलाइटच. वाळूजचा अनुभवी फिटर हे नजरेने करतो, फक्त त्याला कुणी झेब्रा म्हणत नाही.

संगणकावरच्या अशा गुळगुळीत वक्रांचं गणित मोटारीच्या धंद्यातूनच आलं आहे. 1959 मध्ये सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि पुढे 1960 च्या दशकात रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी गाडीच्या पत्र्यासाठी ते बसवलं. विमानवाल्यांनी तर संगणकाशिवायही काम भागवलं होतं: 1940 मध्ये उडालेल्या पी-51 मस्टँगच्या आकारासाठी अभियंत्यांनी शांकव वक्रांची समीकरणं हाताने सोडवली. तेव्हा "महागडं सॉफ्टवेअर नाही म्हणून जमत नाही" ही सबब टिकत नाही. फ्रीकॅड फुकट आहे आणि लॉफ्ट त्यातही होतो.

पंखाचा छेद मात्र हाताने काढू नये. सेस्ना 172 च्या पंखाला नाका 2412 हा छेद आहे (नाका ही नासाची पूर्वज संस्था, टोलनाक्याशी संबंध नाही). हा आकडा वाचता येतो: पंखाच्या रुंदीच्या 2 टक्के बाक, तो पुढच्या कडेपासून 40 टक्क्यांवर, आणि जाडी 12 टक्के. बिंदू सूत्रातून मिळतात. पण 150 मि.मी. रुंदीच्या मॉडेलला याच सूत्राने मागची कड जेमतेम 0.38 मि.मी. जाड येते. थ्रीडी प्रिंटरचा नोझल 0.4 चा असेल तर मॉडेलचे थर पाडणारा स्लायसर ती कड गाळून टाकू शकतो. ती मुद्दाम जाड करावी लागते. शिवाय हवा स्केल ओळखत नाही. सेकंदाला 10 मीटर वेगाने जाणाऱ्या या पंखाचा रेनॉल्ड्स अंक (हवेचा प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा) लाखाच्या आसपास असतो, खऱ्या सेस्नाचा काही दशलक्षांत. हुबेहूब नक्कल उडेलच असं नाही.

"स्क्रीनवर झालं म्हणजे बनेल" हाही एक भ्रम. मोटारसायकलची टाकी बनते कारण डायमध्ये पत्रा ताणला जातो. मॉडेलसाठीची बाल्सा लाकडाची शीट ताणली जात नाही, तडकते. ती नळकांड्यावर किंवा शंकूवर बसते, दोन्ही दिशांनी फुगलेल्या नाकावर नाही. तिथे अरुंद पट्ट्या एकेक चिकटवून घासाव्या लागतात. मॉडेल काढताना सॉफ्टवेअर याबद्दल चकार शब्द काढत नाही.

प्रिंट करून ही कटकट टळते, पण प्रिंटरचं पीएलए प्लास्टिक बाल्सापेक्षा सात-आठपट जड आहे, म्हणून भिंत एका थराची ठेवतात. आणि पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली ठेवलेला पंख मैदानावर पोचेपर्यंत 2412 राहत नाही.