पासवर्डावर अनाठायी आळ

महिनाअखेरीस बीजके काढण्याची घाई चालू असताना एखादा लेखनिक कार्यालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपले नाव व पासवर्ड भरतो, पडदा क्षणभर कोरा होतो, आणि चुकीचा एक शब्दही न दाखविता लॉगिनचे तेच पान पुन्हा त्याच्यापुढे उभे राहते, तेव्हा त्याला पहिला प्रश्न ऐकावा लागतो तो ‘पासवर्ड नीट टाकलात ना?’ हाच. या प्रश्नामागचा समज इतका सार्वत्रिक आहे, आणि त्यापायी निरपराध कर्मचाऱ्यांना इतकी बोलणी खावी लागतात, की त्याचे निराकरण प्रथम करणे मला अगत्याचे वाटते. पासवर्ड खरोखरच चुकला असेल, तर बहुतेक सॉफ्टवेअरे तसे स्पष्ट शब्दांत सांगतात. ज्या अर्थी पान निमूटपणे परत येते, त्या अर्थी सर्व्हरने ओळख बहुधा मान्य केलेली असते, परंतु पुढच्याच विनंतीच्या वेळी ती त्याला पटलेली नसते.

असे होण्याचे कारण मुळातच आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांचा व्यवहार ज्या एचटीटीपी नियमावलीनुसार चालतो, तिच्यात मागील विनंतीचे स्मरण ठेवण्याची तरतूदच नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने कुकीची योजना केली. देवळाबाहेर चपला सांभाळणारा मनुष्य ज्याप्रमाणे आपल्या हाती क्रमांकाचा बिल्ला देतो, त्याप्रमाणे सर्व्हर पासवर्ड तपासून झाल्यावर एक लांबलचक क्रमांक कुकीच्या रूपाने ब्राउझरच्या हवाली करतो, त्याची नोंद स्वतःच्या दफ्तरी ठेवतो, आणि यापुढे दर विनंतीबरोबर येणारा तो क्रमांक पाहूनच आपल्याला ओळखतो. या चालू ओळखीस सेशन म्हणतात. क्रमांक ब्राउझरकडून गहाळ झाला किंवा दफ्तरातील नोंद नाहीशी झाली, तर पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी त्याचा काडीमात्र उपयोग होत नाही.

दुसरा गैरसमज मुदतीविषयीचा आहे. ‘मी तर सारखा काम करीत होतो, तरी मला बाहेर काढले’ ही तक्रार खोटी नसते. पण काम म्हणजे काय, याविषयी माणसाची आणि सर्व्हरची कल्पना निरनिराळी असते. पन्नास बाबींचे लांब बीजक भरताना लेखनिकाची बोटे अखंड चालत असली, तरी साठवण्याचे बटण दाबीपर्यंत सर्व्हरकडे एकही विनंती गेलेली नसेल, तर सर्व्हरच्या हिशेबी तो इसम रिकामाच बसलेला असतो. ही मुदत एएसपी डॉट नेटमध्ये मूळ मांडणीनुसार २० मिनिटांची, टॉमकॅटमध्ये ३० मिनिटांची, तर पीएचपीमध्ये १४४० सेकंदांची, म्हणजे २४ मिनिटांची असते. पीएचपीच्या बाबतीत एक बारकावा असा, की एकाच सर्व्हरवरील दोन सॉफ्टवेअरे आपल्या सेशनच्या फाइली एकाच ठिकाणी ठेवीत असतील, तर ज्याची मुदत कमी तेच दुसऱ्याच्याही नोंदी झाडून टाकते. आणि व्यवस्थापक आपल्या सॉफ्टवेअरची मुदत आठ तासांपर्यंत वाढवून निश्चिंत झाला, तरी लोक अर्ध्या तासात बाहेर पडतच राहतात.

‘कॅश साफ करा’ हा सल्ला तर सर्व रोगांवरचा एकच काढा असल्याच्या थाटात दिला जातो. वस्तुतः कॅशमध्ये चित्रे, पानांचे साचे अशा गोष्टींच्या प्रती असतात, आणि सेशनचा क्रमांक सहसा कुकीत असतो. नुसती कॅश पुसल्याने कुकीला धक्काही लागत नाही. उलट सरसकट सर्वच पुसून टाकले, तर दोष कोठे होता याचा पुरावाही त्याबरोबर जातो. त्यापेक्षा ब्राउझरची खासगी खिडकी उघडून तेथे लॉगिन करून पाहावे: तेथे काम झाले, तर दोष बहुधा आपल्या ब्राउझरमधील जुन्या कुकीत किंवा एखाद्या जोडणीत आहे, तेथेही न झाले, तर शेजारच्या संगणकावर पाहावे, आणि सर्वच संगणकांवर एकाच वेळी दार बंद असेल, तर कर्मचाऱ्यांना त्रास देणे थांबवून सर्व्हरकडे वळावे.

सर्व्हरवर सर्वांत आधी डिस्क तपासावी. नोंदींच्या आणि बॅकअपच्या फाइलींनी डिस्क काठोकाठ भरली, की सेशनची नवी फाइल लिहिली जात नाही. पासवर्ड पटतो, पण ओळख टिकत नाही, आणि लॉगिनचे पान फिरून फिरून येते. कधी कधी डिस्कवर जागा पुष्कळ शिल्लक दिसते, पण लक्षावधी चिमुकल्या सेशन-फाइलींमुळे फाइलींच्या संख्येचीच मर्यादा, म्हणजे आयनोडची, संपलेली असते. लिनक्सवर ‘डीएफ’ ही आज्ञा दोन्ही प्रकारे चालवून पाहिल्याखेरीज हे उमगत नाही. लॉगिन एकदा होते व एकदा होत नाही, असे असेल, तर कामाची वाटणी दोन सर्व्हरांमध्ये असून एकाने दिलेला क्रमांक दुसऱ्याच्या दफ्तरी नाही, अशी शंका घ्यावी.

‘आम्ही काहीच बदलले नाही, मग बिघडले कसे?’ हा युक्तिवादही टिकत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमच्या ८० व्या आवृत्तीपासून असा नियम लागू होऊ लागला, की ज्या कुकीवर स्पष्ट परवानगी लिहिलेली नाही, ती अन्य संकेतस्थळाच्या पानात चौकट करून बसविलेल्या सॉफ्टवेअरकडे पाठविली जाणार नाही. तशी परवानगी हवी असल्यास व्यवहार सुरक्षित एचटीटीपीएसवरूनच झाला पाहिजे. कंपनीने आपल्याकडे अक्षरही न बदलता असे लॉगिन बंद पडू शकते. पत्त्याचेही तसेच: सर्व्हरच्या नावाने मिळालेली कुकी त्याच सर्व्हरच्या आयपी क्रमांकावर चालत नाही, म्हणून कोणी जुन्या बुकमार्कवरून आला तर त्याला पुन्हा लॉगिन करावे लागते.

अचानक बाहेर फेकले गेले म्हणजे खाते चोरीस गेले, असे मानून घाबरणारेही असतात. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने घडविलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये एका खात्यावर एका वेळी किती सेशने चालावीत याची मर्यादा घालता येते. ती ओलांडली, की जुने सेशन बंद होते. दोघे सहकारी एकच खाते वापरीत असतील, तर ते न कळत एकमेकांना बाहेर काढीत असतात.

याहून गंभीर गोष्टीकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होते. एकाच ब्राउझरच्या दोन टॅबांत दोन नावांनी एकाच सॉफ्टवेअरमध्ये शिरल्यास दुसरी कुकी सामान्यतः पहिलीची जागा घेते, आणि पहिल्या टॅबमध्ये भरलेली नोंद दुसऱ्याच्या नावावर चढते. हिशेबतपासनिसापुढे अशा नोंदीचा खुलासा करणे फार अवघड जाते. तसेच टॅब बंद केल्याने सेशन संपत नाही. सर्व्हरवरील नोंद मुदतीपर्यंत जिवंत राहते, आणि मागील पाने पुन्हा उघडण्याची सोय चालू असेल तर ब्राउझर कुकीही परत आणतो. सामाईक संगणकावरून उठताना लॉगआउटचे बटण दाबणे हाच खात्रीचा उपाय होय.

तेव्हा तक्रार करणाऱ्यांनी ‘लॉगिन होत नाही’ एवढेच न लिहिता किती वाजता, कोणत्या पत्त्यावर, एकट्याला की सर्वांना, आणि खासगी खिडकीत काय झाले, या चार गोष्टी कळवाव्यात. आणि ती तक्रार हाती घेणाऱ्यांनी पासवर्डाची चौकशी करण्यापूर्वी त्या चार ओळी वाचाव्यात, अशी माझी दोघांनाही विनंती आहे.