विमानाचा ताबा

विमान हवेत कशाच्या बळावर राहते हे पुष्कळांना ठाऊक असते. पण ते माणसाच्या हुकमतीत कसे राहते, हा प्रश्न अधिक बिकट होता. जर्मनीतील ओटो लिलिएंथाल ग्लायडरला लोंबकळून, अंग इकडेतिकडे झुकवून तोल सांभाळीत असे. १८९६ साली त्याच्या ग्लायडरचे नाक वर गेले, ते सावरता आले नाही आणि तो पडून मरण पावला. अमेरिकेतील राइट बंधूंनी इंजिनाच्या आधी ताब्याचा विचार केला. ग्लायडरवर तो साधल्यावरच १९०३ साली त्यांनी इंजिन बसवून उड्डाण केले.

हा ताबा आज तीन प्रकारच्या हलत्या फळ्यांनी ठेवतात. शेपटीच्या आडव्या पंखावर एलिव्हेटर असतो. दांडा मागे ओढला की तो वर उचलला जातो, हवा शेपूट खाली लोटते आणि नाक वर येते. मुख्य पंखांच्या टोकांशी एलेरॉन असतात. एक वर, दुसरा खाली गेला की विमान एका बाजूस कलते. शेपटीच्या उभ्या पात्यावरचा रडर पायांनी हलवितात. त्याने नाक डावी-उजवीकडे फिरते.

होडी सुकाणूने वळते, म्हणून विमान रडरने वळत असेल असे आपणांस वाटते. तसे नाही. विमान सायकलस्वारासारखे कलून वळते. पंखांची उचल कललेल्या बाजूला झुकते आणि विमानाला तिकडे ओढते. रडर केवळ नाक वळणाच्या रेषेत ठेवतो. उचलीचा काही भाग वळण्यात खर्ची पडतो, म्हणून उंची राखण्यासाठी दांडा किंचित मागे घ्यावा लागतो.

मात्र त्यालाही मर्यादा आहे. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला, की हवा पंखाची पाठ सोडते आणि उचल ढासळते. यालाच स्टॉल म्हणतात. उपाय काय? विमान खाली येत असतानाच नाक आणखी खाली करावयाचे! कोन घटला की हवा पुन्हा पंखाला धरून वाहू लागते. पण भ्यालेला हात दांडा मागेच ओढतो. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या आणि स्वयंचालक सुटला. वैमानिकाने नाक वर ओढले, विमान स्टॉल झाले. इंजिने चालू होती, फळ्या शाबूत होत्या. तरीही २२८ माणसे अटलांटिकात प्राणास मुकली.

म्हणूनच शिकाऊ वैमानिकाकडून पुरेशा उंचीवर मुद्दाम स्टॉल घडवून तो सावरण्याचा सराव करून घेतात. दांडा ओढणे कोणालाही येते. पडत असताना तो पुढे करणे शिकावे लागते.