क्लब कुणाचा? पुण्याहून हैदराबाद, हैदराबादहून दिल्ली

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मागच्या भागानंतर नांदेडच्या एका श्रोत्याचा निरोप आला. ते म्हणतात, "पुण्यात शिकत होतो तेव्हा केशरी शर्ट घालून बालेवाडीला मॅच बघायला जायचो. ती टीम गेली कुठं? आणि एवढे पैसेवाले मालक असून खेळाडूंचे पगार थकतात कसे?" आपल्याकडं मैदान म्हटलं की क्रिकेट, नांदेडला फार तर हॉकी. पण प्रश्न चांगला आहे, आणि पैशाचा आहे, म्हणून आज तोच घेऊ.

ती टीम एफसी पुणे सिटी. २०१४ला इंडियन सुपर लीगबरोबरच सुरू झाली, २०१७-१८ला उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि २०१९ला बंद पडली.

आता हिशेब बघा. त्या काळात लीगमध्ये एका संघाच्या खेळाडूंच्या पगारावर सुमारे साडेसोळा कोटींची मर्यादा होती. समजा, प्रत्येक मॅचला ८ हजार लोक आले आणि तिकीट सरासरी २०० रुपये. झाले १६ लाख. घरच्या मैदानावर मॅच किती? ९. म्हणजे हंगामाचे १ कोटी ४४ लाख! पगारावर मर्यादेच्या निम्मेच खर्च केले, तरी तिकिटांतून त्याचा पाचवा हिस्साही निघत नाही. शर्टावरचा प्रायोजक काही देतो, लीगच्या सामायिक उत्पन्नातून वाटा मिळतो. पण लीगमध्ये राहायची फी उलट क्लबलाच दरवर्षी भरावी लागायची. शिवाय प्रवास, हॉटेल, प्रशिक्षक, मैदानाचं भाडं. उरलेला खड्डा कोण भरणार? मालक. दरवर्षी, खिशातून.

म्हणजे हा धंदा मालकाच्या दुसऱ्या धंद्यावर उभा असतो, बरं का. सोयाबीनचा भाव पडला तरी सालगड्याचं ठरलेलं साल द्यावंच लागतं, तसंच इथं. फरक इतकाच की इथं चांगल्या वर्षीही पीक पुरत नाही. पुण्याचा मालक होता वाधवान समूह. २०१९ला त्यांची गृहकर्ज देणारी कंपनी, डीएचएफएल, स्वतःच्याच कर्जाची देणी थकवू लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याची लीगमधली जागा नव्या मालकांकडं गेली, पुण्याचे बरेच खेळाडूही तिकडं गेले, आणि नाव पडलं हैदराबाद एफसी.

पुढं ऐका. हैदराबादनं २०२१-२२ची ट्रॉफी जिंकली. दोनच हंगामांनी, २०२३-२४ला, पगार थकले, खेळाडू निघून गेले, आणि उरलेल्या पोरांना घेऊन संघानं २२ पैकी एकच मॅच जिंकली. २०२४ला पुन्हा मालक बदलले, २०२५ला तीच जागा दिल्लीला गेली. आता तिचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. अकरा वर्षं, तीन शहरं!

पगार थकला तर खेळाडू काय करतो? फिफाचा नियम आहे. दोन महिन्यांचा पगार थकला की खेळाडू लेखी नोटीस देतो, १५ दिवस थांबतो, तरी पैसे आले नाहीत तर करार मोडून मोकळा होतो. वर तक्रार केली तर देणी फिटेपर्यंत क्लबला नवे खेळाडू नोंदवायला बंदी येऊ शकते. हैदराबादवर ती आली होती. खेळाडूला निदान हा दरवाजा आहे. किट सांभाळणारा, गाडी चालवणारा, मालिश करणारा, यांना फिफाच्या या नियमाचा काही उपयोग नाही. त्यांची बातमीही होत नाही.

आणि हे एकट्या मालकाच्या खिशावरही नसतं. लीग चालवणाऱ्या कंपनीचा फुटबॉल महासंघाशी १५ वर्षांचा करार होता, त्यापोटी महासंघाला वर्षाला ५० कोटी मिळायचे. डिसेंबर २०२५ला तो संपणार, पुढचं ठरेना, म्हणून हंगामच लांबला. हंगाम नाही तर उत्पन्न नाही. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं पहिल्या संघाचे पगार थांबवल्याचं जाहीर करून टाकलं.

आता समर्थकाचं काय? लातूरकरांना हे लगेच कळेल. सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाकडं शेअर असतो. वार्षिक सभेत तो उठून चेअरमनला ताळेबंद विचारू शकतो, ओरडू शकतो, मत देऊ शकतो. कारखाना उचलून दुसऱ्या राज्यात नेला, असं त्याला न विचारता होत नाही. आपल्याकडं सहकाराचं काय काय झालं ते मला शिकवू नका, पण हक्क कागदावर तरी आहे. जर्मनीत बहुतेक फुटबॉल क्लबांत असंच असतं, निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडं राहतात. बालेवाडीच्या प्रेक्षकाकडं फक्त फाटलेलं तिकीट होतं.

पुण्याची जागा गेली त्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडमधला बरी हा १८८५चा क्लब पैशाअभावी लीगबाहेर काढला गेला. तिथल्या समर्थकांनी देणग्या आणि सरकारी निधी जमवून २०२२ला जुनं मैदान विकत घेतलं, आणि २०२३पासून त्या नावाचा संघ खालच्या पातळीवर तिथं पुन्हा खेळू लागला. पुण्यात विकत घ्यायला असं काही नव्हतंच. बालेवाडीचं मैदान सरकारी, आणि लीगमधली जागा कधीच निघून गेलेली.

मुंबई सिटीतून डिसेंबर २०२५ला परदेशी भागीदार का बाहेर पडला, हेही काहींनी विचारलंय. ते पुढच्या भागात.