मगरिबनंतरचा दस्तरखान

मगरिबची नमाज आटोपली की बहुतेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो: आज जेवायला काय? कोणी दुकान बंद करून येतो, कोणी कंपनीतून, मुले ट्यूशनहून. घरातली स्त्री नोकरी करणारी असो की दिवसभर शिलाई मशीनवर बसणारी, तीही थकलेलीच असते. मग एक तर बाहेरून पार्सल येते, नाहीतर ती दीड-दोन तास ओट्याशी उभी राहते. सगळ्यांना गरम वाढते आणि शेवटी गार झालेल्या पातेल्यातले उरलेसुरले एकटी खाते. ही गोष्ट आपल्या घरांत इतकी रुळली आहे की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

हदीसमध्ये येते की काही सहाबांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे तक्रार केली, आम्ही जेवतो पण पोट भरल्यासारखे वाटत नाही. आपण वेगवेगळे जेवत असाल, असे प्रेषितांनी (स.) विचारले. त्यांनी होकार दिला, तेव्हा सांगण्यात आले की एकत्र बसा, अल्लाहचे नाव घ्या, अन्नात बरकत होईल. एकत्र बसणाऱ्यांत स्वयंपाक करणारीही आलीच. तेव्हा रोजचे जेवण असे हवे की मगरिब आणि इशाच्या मधल्या सव्वा तासात ते तयार व्हावे आणि सगळ्यांना सोबतच बसता यावे. असे काही पदार्थ आम्ही इथे देत आहोत. सामान घरातलेच आहे आणि मापे चार माणसांची आहेत.

मसुरीची खिचडी आणि खट्टा

14 व्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने मूग-तांदळाच्या, तूप घालून खाल्ल्या जाणाऱ्या खिचडीची नोंद करून ठेवली आहे. मराठवाडा आणि हैदराबादच्या मुस्लिम घरांत मात्र खिचडी म्हटली की मसुरीची, आणि तिच्या जोडीला खट्टा हवाच. सोबत खिमा असला तर मेजवानी, नसला तर भाजलेला पापडही पुरतो.

दोन वाट्या जुना तांदूळ आणि पाऊण वाटी मसूर डाळ धुऊन वीस मिनिटे भिजत ठेवा. कुकरमध्ये तीन चमचे तेलात दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, चार मिरे आणि उभा चिरलेला एक कांदा लालसर परता. एक चमचा आले-लसूण, पाव चमचा हळद, मग निथळलेले डाळ-तांदूळ घाला. पाच वाट्या गरम पाणी आणि मीठ घालून दोन शिट्ट्या करा. कुकर आपोआप निवू द्या.

तोवर खट्टा होतो. तो शिजवायचा नसतो. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा. दोन चमचे तीळ आणि दोन चमचे शेंगदाणे कोरडे भाजून बारीक वाटा व कोळात मिसळा. दोन-अडीच वाट्या पाणी, मीठ, बारीक चिरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घाला. वरून जिरे, लाल मिरची, कढीपत्ता यांची फोडणी द्या. कुकरचे झाकण उघडेपर्यंत खट्टा वाडग्यात तयार असतो.

उरलेली खिचडी रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजलेला भात तासन् तास तसाच राहिला की त्यात पोट बिघडवणारे जंतू वाढतात, आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. दोन तासांच्या आत पसरट भांड्यात निववून फ्रीजमध्ये ठेवावी आणि खाताना एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करावी.

कोकणी पद्धतीचे अंड्याचे कालवण

मासळी महाग असते किंवा पावसाळ्यात बंद असते, तेव्हा कोकणातल्या घरांना अंडे सांभाळून घेते. यात अंडी आधी उकडायची नाहीत, थेट रश्शात फोडायची.

अर्धी वाटी ओले खोबरे, चार सुक्या मिरच्या, एक चमचा धणे, पाच लसूण पाकळ्या आणि पाव चमचा हळद एकत्र मऊ वाटा. पसरट भांड्यात एक कांदा परतून त्यावर वाटण घाला, तेल दिसू लागले की अडीच वाट्या पाणी, मीठ आणि तीन-चार आमसुले टाका. उकळी आली की आच मंद करून सहा अंडी एकेक करून वेगवेगळ्या जागी फोडा. ढवळू नका. झाकण ठेवून सहा-सात मिनिटांत अंडी रश्शातच बांधली जातात. घरात गरोदर बाई किंवा म्हातारे माणूस असेल तर पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. तांदळाची भाकरी करायला वेळ नसेल तर पाव आहेच.

आजाऱ्यासाठी तलबीना

दिलासा देणारे अन्न असा शब्दप्रयोग आज नवा वाटतो, पण आपल्याकडे त्याला फार जुना आधार आहे. हजरत आयेशा (रजि.) आजारी माणसासाठी आणि घरात मृत्यू झाला असता दुःखी झालेल्यांसाठी तलबीना करायला सांगत. तलबीना आजाऱ्याच्या मनाला आराम देते आणि दुःख काहीसे हलके करते, असे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. बुखारीमध्ये ही हदीस आहे. नाव ‘लबन’ म्हणजे दूध या शब्दावरून आले आहे, कारण ती दुधासारखी पांढरी व पातळ असते.

दोन मोठे चमचे जवाचे पीठ दोन वाट्या थंड दुधात किंवा अर्ध्या दूध-पाण्यात गुठळ्या न होता कालवा. मग मंद आचेवर दहा-बारा मिनिटे ढवळत शिजवा. खाली उतरवून थोडे निवल्यावर चवीपुरते मध घाला. हवे तर दोन खजूर बारीक करून घाला. दुकानात ‘सातूचे पीठ’ मागितले तर आपल्याकडे बहुधा गहू आणि डाळीचे मिश्रण मिळते, म्हणून ‘जवाचे पीठ’ असे स्पष्ट मागावे. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये. मधुमेह असणाऱ्यांनीही मध साखरेसारखेच जपून घ्यावे. आणि तलबीना हे अन्न आहे. औषध चालू असेल तर ते चालूच ठेवावे.

गोडाची हौस

शिळ्या चपात्या उरल्या असतील तर मलिदा करा. चार चपात्या हाताने बारीक कुस्करा किंवा मिक्सरमधून एकदा फिरवा. दोन चमचे तुपात हा चुरा पाच मिनिटे खरपूस परता, आच बंद करा आणि अर्धी वाटी किसलेला गूळ, वेलची घालून हाताने मळा. मुले याचे लाडू वळून डब्यातही नेतात.

दुसरे गोड म्हणजे साध्या दिवसाच्या शेवया. ईदच्या शीरखुर्म्यात शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. चारोळी-पिस्ते ही नंतरची श्रीमंती. अर्धी वाटी बारीक शेवया चमचाभर तुपात गुलाबी परता. तीन वाट्या उकळते दूध घालून पाच मिनिटे शिजवा. पाच-सहा खजुरांचे तुकडे घातले तर दोन चमचे साखर पुरते. दूध फाटू नये म्हणून खजूर आच बंद केल्यावर घालावेत.

मय्यतीच्या घरी

हिजरी 8 मध्ये, म्हणजे इ.स. 629 मध्ये, मूताच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाले. बातमी आली तेव्हा प्रेषितांनी (स.) लोकांना सांगितले की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, कारण त्यांच्यावर असे संकट आले आहे की त्यांना दुसरे काही सुचणार नाही.

आपल्या कितीतरी मोहल्ल्यांत आज याच्या उलट घडते. ज्या घरात मय्यत झाली, त्याच घरावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालण्याचे ओझे पडते. देगा चढतात, उसनवारी होते, आणि रडायचीही फुरसत न मिळालेल्या बायका कांदे चिरत बसतात. ही चाल मोडायला मोठ्या सभेची गरज नाही. शेजारच्या चार घरांनी ठरवून घ्यावे: पहिल्या दिवशी एका घरची खिचडी, रात्री दुसऱ्याचे कालवण-पाव, सकाळी तिसऱ्याचा चहा-नाश्ता. खिचडी अशा वेळी उत्तम, कारण ती तिखट नसते, डब्यात नेता येते आणि घास गिळवत नसलेल्याच्याही पोटात जाते. डबा आपला द्यावा आणि तो परत मागायला जाऊ नये. भेटायला गेलेल्यांनी जेवायला थांबू नये.

शेजारी मुस्लिम नसला तरी हे लागू होते. रस्सा करताना पाणी जास्त घालून शेजाऱ्याची आठवण ठेवा, ही शिकवण शेजाऱ्याचा धर्म विचारत नाही. फक्त त्यांच्या खाण्याचे नियम लक्षात ठेवून साधी खिचडी किंवा शेवया न्याव्यात.

हात सगळ्यांचे

घरात असताना प्रेषित (स.) काय करत, असे विचारले असता हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. तेव्हा मगरिबहून परतलेल्या पुरुषाने कांदा चिरला किंवा मुलग्याने दस्तरखान अंथरून भांडी विसळली, तर ती मेहेरबानी नव्हे, सुन्नत आहे.

कामाची वाटणी सोपी आहे. डाळ-तांदूळ भिजवणे मगरिबच्या आधी, फोडणी एकाची, खट्टा दुसऱ्याचा, पाणी-पेले मुलांचे. आले-लसणाचे वाटण आठवड्यातून एकदा, भाजलेल्या तीळ-शेंगदाण्याचे कूट महिन्यातून दोनदा करून ठेवले की रोजची वीस मिनिटे वाचतात. चपात्या गरमच हव्यात हा हट्ट मात्र सोडावा लागेल. चपात्या आधी करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात, म्हणजे तव्याशी कोणालाच उभे राहावे लागत नाही.

आणि एक नियम घरात सगळ्यांनी मिळून करावा: जिने स्वयंपाक केला ती बसल्याशिवाय कोणी बिस्मिल्लाह म्हणायचे नाही.