एका गळ्यात भीम आणि विठ्ठल

मागे एकदा आषाढीच्या तोंडावर आम्ही सोलापूरहून पंढरपूरला चाललो होतो. वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. टेपवर गाणे चालू होते, ‘पाऊले चालती पंढरीची वाट’. आम्ही चहावाल्याला सहज विचारले, “कोण गातंय हो?” तो म्हणाला, “असतील कुणीतरी महाराज. आवाजावरनंच कळतंय की.”

महाराज नव्हेत. तो आवाज लोकगायक प्रल्हाद शिंदे यांचा. १४ एप्रिलला आपल्या वस्तीतल्या मंडपाच्या भोंग्यातूनही हाच आवाज येतो. तिकडे त्यावर वारकरी टाळ धरतात, इकडे आपली पोरे निळे झेंडे नाचवतात. एकाच माणसाच्या गळ्याने ही दोन्ही अंगणे कशी भरली, ते आपल्या घरातल्या मुलांना माहीत असावे म्हणून हा लेख.

शिंदे घराणे मूळचे मंगळवेढ्याचे, म्हणजे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले. मंगळवेढा म्हटले की चोखामेळा आठवतात. गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर कोसळून १३३८ साली चोखोबा आणि त्यांच्यासोबतचे मजूर गाडले गेले, असे परंपरा सांगते. जिवंतपणी ज्यांना देवळात पाय ठेवता आला नाही, त्यांची समाधी पंढरपूरला देवळाच्या बाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, तो उगाच नव्हे.

मंगळवेढा ते पंढरपूर अंतर पंचवीसेक किलोमीटर. पण आपल्या माणसांना ते ओलांडायला सहाशे वर्षे लागली. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले, तेव्हा कुठे विठ्ठल मंदिराचे दार उघडले. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ सालचा. म्हणजे त्या वेळी ते चौदा वर्षांचे.

घरात गाणे होते ते पोटासाठी. वडील भगवानराव आणि आई सोनाबाई कीर्तन-भजन गाऊन संसार चालवीत. प्रल्हाद यांना सूर मिळाला तो तिथेच. शब्द चावायचा नाही, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही तो सुटा ऐकू गेला पाहिजे, ही कीर्तनाची शिस्त त्यांच्या गाण्यात अखेरपर्यंत राहिली.

दुसरी शाळा कव्वालीची. त्या काळी इस्माईल आझाद कव्वालांचे नाव मोठे होते. १९५८ च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातली त्यांची कव्वाली देशभर गाजली. त्यांच्या पार्टीत प्रल्हाद शिंदे कोरसमध्ये गात. कोरस म्हणजे मागे बसून टाळी द्यायची आणि मुख्य गायकाची ओळ उचलून धरायची. पण कव्वालीतले सगळे कसब तिथेच शिकायला मिळते. शेर म्हणून माणसे गोळा करायची, ओळ फिरवत फिरवत वर न्यायची आणि नेमक्या ठिकाणी ढोलक सोडायची.

मराठी मुलखात ही कव्वाली आपल्या वस्त्यांनी आपलीशी केली. पेटी, ढोलक आणि बेंजो एवढ्या साहित्यावर जयंतीच्या रात्री दोन पार्ट्यांचा सवाल-जवाब रंगे. एकाने शेरातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब द्यायचा. दिवसभर लूमवर उभा राहिलेला कामगार आणि विड्या वळून बोटे आखडलेली बाई अशा मैफलीत पहाटेपर्यंत बसत. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांना बाबासाहेबांचे चरित्र आणि बुद्धाची शिकवण अशा गाण्यांतूनच पाठ झाली.

कीर्तनाचा स्वच्छ शब्द, कव्वालीची चढती तान आणि लोकगीताचा ठेका, या तिन्हींच्या मेळातून प्रल्हाद शिंदे यांची गायकी झाली. भीमगीते, भक्तिगीते, लोकगीते, कव्वाल्या, सगळे ते गायले. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि जो आवाज मंडपात ऐकायला जावे लागे, तो घरोघर पोहोचला.

आता अवघड प्रश्नाकडे वळू. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातल्या गायकाने विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी का गावीत? हा वाद आमच्या वस्तीतही झडलेला आम्ही ऐकला आहे. एक जण म्हणे, “ज्या देवाने चोखोबाला दारात उभे केले, त्याचे गुणगान आपल्या माणसाने कशाला करायचे?” दुसरा गवंडीकाम करणारा होता. तो म्हणे, “मी देवळाची भिंत बांधली आणि मजुरी घेतली. त्याने गाणे गायले आणि मजुरी घेतली. मी धम्म सोडला का?”

दोघांचेही म्हणणे आम्हांला पटते. कोणती गाणी घरात लावायची, ते ज्याने त्याने आपल्या प्रतिज्ञेला स्मरून ठरवावे. पण आम्हांला खरी सल वेगळीच आहे. आवाज देवळात गेला, नाव मात्र बाहेरच राहिले. टपरीवाल्याला आवाज आवडत होता, पण तो कुणाचा हे त्याला ठाऊक नव्हते, आणि इतका चांगला आवाज म्हणजे कुणीतरी महाराजच, असे त्याने धरून टाकले. चोखोबा पायरीशी थांबले आणि आपल्या गायकाचे नावही पायरीशीच थांबले, असे होऊ देता कामा नये.

२३ जून २००४ रोजी प्रल्हाद शिंदे गेले. त्याच्या आधी जेमतेम सव्वा महिना, १५ मे रोजी महाकवी वामनदादा कर्डक गेले होते. एकाच उन्हाळ-पावसाळ्यात समाजाचा मोठा शब्द आणि मोठा सूर, दोन्ही हरपले.

घराण्यातले गाणे मात्र थांबले नाही. आनंद, मिलिंद आणि दिनकर हे मुलगे गायक झाले. आनंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट हा’ या गाण्याने तर गावोगावच्या वराती गाजवल्या. नातू आदर्श शिंदे यांनी २०१३ च्या ‘दुनियादारी’ चित्रपटात ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ हे गाणे गायले. भजन गाऊन पोट भरणाऱ्या भगवानराव-सोनाबाईंची चौथी पिढी आज ध्वनिमुद्रणाच्या खोलीत उभी आहे.

वाचकहो, एक काम आपल्याकडून व्हावे. माळ्यावरच्या पेटीत जुन्या कॅसेट असतील, त्या भंगारात घालू नका. कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरात गीतकार, संगीतकार आणि वादक यांची नावे असतात. ‘पाऊले चालती’ हे गाणे दत्ता पाटील यांनी लिहिले आणि मधुकर पाठक यांनी त्याला चाल दिली, हे अशाच कागदांमुळे टिकते. आपल्या वस्तीतल्या कितीतरी कवींची नावे तेवढ्याच एका कागदावर उरली आहेत. शाळेत जाणाऱ्या मुलामुलीला वही द्या आणि ती नावे उतरवून घ्यायला सांगा.

आणि पुन्हा कधी टपरीवर तो आवाज ऐकू आला, तर चहा पिऊन तसेच उठू नका. चहावाल्याला गायकाचे नाव सांगा. आम्ही त्या दिवशी सांगितले. त्याने टेपचा आवाज जरा वाढवला.